जुन्या गाडीला कोणतं ऑइल पाजावं?

आमच्या दारात तीन म्हाताऱ्या उभ्या असतात: १९९८ ची कार्ब्युरेटरवाली मारुती ८००, तिच्यानंतर काही वर्षांनी आलेली हिरो होंडा स्प्लेंडर आणि वडिलांची टू-स्ट्रोक चेतक. नागपूरशेजारच्या आमच्या कामठीत याचं कुणाला नवल वाटत नाही. छावणीच्या सरळ रस्त्यांवर, गोराबाजारात, कन्हानच्या पुलाकडे जाताना अशा कितीतरी गाड्या अजून मजेत धावताना दिसतात. गाडी अशी असली की ऑइल बदलायच्या दिवशी वाद ठरलेला. दुकानदार म्हणतो, सिंथेटिक टाका, इंजिन एकदम स्मूथ होईल. आमचे मिस्त्री म्हणतात, "भाऊ, गाडी जुनी हाय, तिले पातळ तेल कायले पाजता?" दोघांचं ऐकत, गाड्या चालवत आणि थोडं वाचत जे पदरात पडलं ते इथे लिहितो. चेतक या वादातून बाहेर. तिचं टूटी ऑइल पेट्रोलमध्येच मिसळून जळून जातं, प्रमाण सांभाळलं की काम झालं.

१. पातळ असतो तो ग्रेड

मिस्त्रींचा सल्ला बहुतेक वेळा बरोबर असतो, पण त्यांनी दिलेलं कारण चुकीचं असतं. डब्यावर २०डब्ल्यू-४० किंवा ५डब्ल्यू-३० असं लिहिलेलं असतं. डब्ल्यूच्या अलीकडचा आकडा थंडीतल्या वागणुकीचा, पलीकडचा तापलेल्या इंजिनातल्या दाटपणाचा. हा दुसरा आकडा ४० असेल तर १०० अंश सेल्सिअसला त्या तेलाचा दाटपणा १२.५ ते १६.३ सेंटीस्टोकच्या पट्ट्यात असावाच लागतो. ३० असेल तर ९.३ ते १२.५. तेल जमिनीतून निघालेलं साधं असो की सिंथेटिक, पट्टा तोच. म्हणजे १५डब्ल्यू-४० सिंथेटिक आणि १५डब्ल्यू-४० मिनरल हे गरम इंजिनात जवळपास सारखेच दाट असतात.

मग गैरसमज आला कुठून? नव्या गाड्यांना ५डब्ल्यू-३० किंवा ०डब्ल्यू-२० लागतं आणि ते बहुधा सिंथेटिकच असतं. दुकानाच्या फळीवर सिंथेटिक म्हणून समोर दिसतं ते हेच. ते उचलून जुन्या ८०० मध्ये ओतलं, बेअरिंगं झिजून त्यांच्यातली फट वाढलेली असली, की गरम झाल्यावर ऑइलचं प्रेशर पडतं आणि सिग्नलला उभं असताना लाल दिवा मिणमिणायला लागतो. लोक म्हणतात, सिंथेटिक मानवलं नाही. मानवला नाही तो ३० चा ग्रेड. म्हणून मी दुकानात आधी ग्रेड सांगतो, सिंथेटिकचं नंतर बोलतो. माझ्या ८०० ला २०डब्ल्यू-४० आणि स्प्लेंडरला तिच्या पुस्तिकेत छापलंय ते.

उलट बाजूही आहे. जुनी गाडी विकत घेताना मालकाने मुद्दाम २०डब्ल्यू-५० भरलेलं असू शकतं. दाट तेलाने टॅपेटची टकटक दबते, धूरही काही दिवस कमी दिसतो. डिपस्टिकवरून तेल मधासारखं ओघळत असेल तर भाव करण्याआधी थोडं थांबा.

२. आपल्याकडची थंडी ती काय थंडी

सिंथेटिकची सगळ्यात मोठी शेखी थंडीतली. पण नागपूरचा पारा डिसेंबर २०१८ मध्ये अगदी खाली गेला तेव्हाही ३.५ अंशांवर थांबला. २०डब्ल्यू तेलाची परीक्षा उणे १५ अंशांवर घेतलेली असते. कामठीहून लेहला बदली झालेल्या फौजीने गाडी सोबत नेली तर त्याने ५डब्ल्यू जरूर घ्यावं. आपल्या सकाळी टॅपेट एखादा क्षण कमी वाजतील, इतकाच फरक.

३. उन्हाळा कारला कमी, बाइकला जास्त कळतो

२३ मे २०१३ ला नागपूरने ४७.९ अंश पाहिले. अशा उन्हात साधं तेल टिकेल का, हा प्रश्न रास्त आहे, फक्त तो कारपेक्षा बाइकसाठी जास्त रास्त आहे. ८०० चं इंजिन पाण्याने थंड होतं. थर्मोस्टॅट, पंखा आणि रेडिएटर धड असतील तर बाहेर ३० अंश असोत की ४७, इंजिन आपलं तापमान बऱ्यापैकी धरून ठेवतं. पंखाच फिरत नसेल तर मात्र कोणतंही महागडं तेल वाचवणार नाही. आधी पंख्याचं रिले बघा.

स्प्लेंडर हवेवर थंड होते आणि हवा मिळते गाडी पळते तेव्हाच. एलआयसी चौक ते ऑटोमोटिव्ह चौक हा दुमजली उड्डाणपूल २०२४ मध्ये सुरू झाला. त्याआधी काही वर्षं कामठी रोडवर खांब उभे राहत होते आणि त्यांच्यामधून आम्ही पहिल्या-दुसऱ्या गिअरवर सरकत होतो. मे महिन्यात, भर दुपारी, क्लच अर्धा दाबून. किलोमीटरचा काटा हलत नव्हता, पण इंजिन तासन्तास भाजून निघत होतं. शिवाय बाइकमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच तिघांचा भार एकाच तेलावर. गिअरचे दात त्यातले दाटपणा टिकवणारे घटक चिरडत राहतात. साधं तेल दमलं की ते पायाला कळतं: गिअर खटकन पडायला लागतात आणि उभं असताना न्यूट्रल शोधून सापडत नाही. सेमी-सिंथेटिक भरायला लागल्यापासून ही कुरबूर पुष्कळ उशिरा येते. बाइकला लागतं जेमतेम लीटरभर, त्यामुळे दुप्पट भाव दिला तरी खिसा फाटत नाही. आमच्या घरात स्वस्त गाडीला महाग तेल आणि महाग गाडीला स्वस्त तेल आहे ते असं.

एक सांभाळायचं. बाइकच्या डब्यावर जासो एमए किंवा एमए२ लिहिलेलं हवं. कारचं उरलेलं सिंथेटिक वाया कशाला घालवायचं म्हणून बाइकमध्ये ओतू नये. इंधन वाचवण्यासाठी त्यात घातलेले निसरडे घटक तेलात बुडालेल्या क्लचप्लेटांना पकड घेऊ देत नाहीत. इंजिन ओरडतं, गाडी पळत नाही.

४. गाडी तेल किती पिते ते आधी मोजा

माझ्या मते सिंथेटिक घ्यायचं की नाही हे डिपस्टिकच सांगते. सपाट जागी गाडी उभी करायची, इंजिन बंद करून पाचेक मिनिटं थांबायचं, म्हणजे वर चढलेलं तेल चेंबरमध्ये उतरतं. मग डिपस्टिक पुसायची, पूर्ण आत घालायची, काढायची. फडक्याऐवजी सुताचा पुंजका वापरणाऱ्या पोराला मी थांबवतो. त्याचे धागे नळीत जातात. हजार किलोमीटरला अर्धा लीटर ओतावं लागत असेल तर त्या इंजिनाला सिंथेटिक म्हणजे पैसे जाळणं, शब्दशः.

पितं कुठून हे धूर सांगतो. सकाळी सुरू करताच निळसर झोत येऊन थांबला तर वॉल्वची सीलं कडक झाली. पुलाच्या चढावर दाबल्यावर मागे निळं येतच राहिलं तर रिंगा गेल्या. पहिलं काम त्या मानाने छोटं, दुसऱ्यात इंजिन उतरवावं लागतं. सीलं बदलून पिणं थांबलं तर तेव्हा सिंथेटिकचा विचार करायला हरकत नाही. इंजिन उतरवायचंच नसेल तर साधं २०डब्ल्यू-४० घ्यावं, एक लीटर डिकीत ठेवावं आणि पातळी सांभाळत राहावं. जुन्या गाड्या स्वस्त तेलाने जितक्या मरत नाहीत तितक्या कमी तेलाने मरतात.

५. सिंथेटिकने गळती लागते?

ही समजूत निव्वळ थाप नाही. १९७० च्या दशकातल्या सुरुवातीच्या सिंथेटिक तेलांचं तेव्हाच्या रबरी सीलांशी नीट जमत नसे. पुढे रसायनं सुधारली, बदनामी मागे राहिली. आज जे घडतं ते वेगळं. आमच्या ८०० च्या टॅपेट कव्हरखाली वर्षानुवर्षं तेलाची ओल येऊन तिच्यावर धूळ बसली होती. काळी, जाड खपली. मिस्त्रींनी ती पेचकसाने खरवडली आणि दुसऱ्या दिवशी तिथून थेंब ओघळायला लागला. तेल तेच, साधं. आतल्या बाजूलाही असा गाळ कडक झालेल्या सीलांच्या फटी बुजवून बसलेला असतो. स्वच्छ करणारं तेल तो हळूहळू सोडवतं आणि आधीच फाटलेलं सील उघडं पडतं.

म्हणून साधं सोडून सिंथेटिकवर जाण्याआधी तेल भरायचं झाकण काढून टॉर्च मारावा. आत सोनेरी-तपकिरी पातळ थर दिसला तर खुशाल बदला. बोटाने निघेल असा काळा गाळ असेल तर थांबा. रॉकेल किंवा डिझेल टाकून इंजिन फिरवून काढायचा उपाय रस्त्यावर फुकट सुचवला जातो. मी तो करू देत नाही. पातळ रॉकेलवर बेअरिंगं घासतात आणि एकदम सुटलेला गाळ ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतो. त्यापेक्षा साधंच तेल, दरवेळी नवा फिल्टर आणि एक-दोनदा लवकर बदल. वेळ लागतो, पण इंजिन जागेवर राहतं.

दोन्ही तेलं चुकून मिसळली तर नासत नाहीत, ही एक भीती मनातून काढून टाका. वाटेत पातळी कमी दिसली आणि त्याच ग्रेडचं दुसरं मिळालं, तर ओता आणि घरी या.

६. काळं झालं म्हणजे संपलं नाही

घाण धरून ठेवणं हेच तेलाचं काम, ते काळं होणारच. डिझेल गाडीत तर नवं तेल काही दिवसांतच काजळीसारखं होतं. आपल्याकडे कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांच्या राखेचा आणि कोळशाच्या ट्रकांचा प्रसाद हवेत असतोच आणि फिल्टर धड नसेल तर तोही तेलात उतरतो, त्यामुळे महाग तेल आणि चोंदलेला एअर फिल्टर अशी जोडी मला हास्यास्पद वाटते.

७. किलोमीटर होत नसतील तर महाग तेल कशासाठी

सिंथेटिक दहा हजार किलोमीटर चालतं म्हणतात. चालत असेलही. पण माझी ८०० वर्षाला तेवढी पळतच नाही. घर, बाजार, दवाखाना, कधीमधी सीताबर्डी. अशा छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही. चोक ओढल्यावर जास्तीचं पेट्रोल रिंगांवरून खाली तेलात उतरतं, पावसाळ्यात वाफेचं पाणी साचतं आणि झाकणाच्या आत दुधाळ साय दिसते. पेट्रोल आणि पाणी मिसळलेलं तेल बदलावंच लागतं, मग ते दुप्पट-अडीचपट भावाचं का असेना. मी पावसाळा सरला की दसऱ्याच्या आधी बदलतो. पूजेलाही गाडी पुसलेली असते. वीस वर्षांवरच्या कारच्या फेरनोंदणीचं शुल्क २०२५ पासून दहा हजार झालंय. तेलावर वाचलेले पैसे कुठे जातात ते सांगायला नको.

८. डब्याची मागची बाजू वाचा

सिंथेटिक म्हणून काय विकायचं याला फारसा लगाम नाही. अमेरिकेत १९९९ मध्ये मोबिल आणि कॅस्ट्रॉल यांच्यात यावरूनच तंटा झाला आणि खनिज तेलावर कडक प्रक्रिया करून बनवलेलं तेलही सिंथेटिक म्हणून विकता येईल, असा कौल जाहिरात-नियामकांनी दिला. सेमी-सिंथेटिकमध्ये सिंथेटिक किती, हे तर डबा सहसा सांगतच नाही. मी ग्रेड बघतो आणि एपीआयचा वर्ग बघतो: एसएल, एसएम, एसएन असा. दुसरं अक्षर जितकं पुढचं तितकी परीक्षा नवी. एसएन वर्गाचं साधं तेलही माझ्या ८०० ने नवी असताना पाहिलेल्या तेलापेक्षा चांगलं आहे.

९. रिकामा डबा आणि जुनं तेल

चांगल्या कंपनीचा रिकामा डबा भंगारात धड गेला तर तो पुन्हा भरून फळीवर येऊ शकतो. म्हणून तेल समोर ओतून घेतो आणि डब्याला पेचकसाने भोक पाडतो. निघालेलं तेल मात्र घरी आणत नाही. शेजारी ते मागतात, कुणाला वाळवीसाठी दाराच्या चौकटीला लावायचं असतं, कुणाला सेंटरिंगच्या फळ्यांना. कायद्याने तो घातक कचरा आहे, आणि नालीत ओतलेलं शेवटी कन्हान नदीलाच मिळतं. तिचंच पाणी आपण आणि नागपूरचा काही भाग पितो. मिस्त्रींकडे ड्रम आहे. तो भरला की गोळा करणारा येऊन पैसे मोजून घेऊन जातो आणि त्या दिवशी गॅरेजात सगळ्यांना तर्री-पोहे.