बाग किती दिवसांची झाली?

रात्री नऊनंतर घरचा फोन आला की आमच्या रूममधले पार्टनर कान टवकारून बसतात. कारण माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "नाना, बाग किती दिवसांची झाली?" फर्स्ट इयरला हे ऐकून मेकॅनिकलचा एक मित्र हसून हसून पलंगावरून पडायचाच बाकी होता. "अरे, बाग आहे का बाळ?"

प्रश्न गमतीचा वाटतो. पण द्राक्षाची शेती आणि त्या शेतीला मिळणारा सल्ला या एका प्रश्नावर उभा आहे. द्राक्षवाल्याच्या घरी जन्मूनही मला हे नीट कळलं ते सेकंड इयरला, आणि त्या धड्याची फी जरा जास्तच बसली.

वेलीचं घड्याळ

युरोपात कडक हिवाळा असतो. वेल पानं गाळून झोपी जाते आणि वसंतात जागी होते. आपल्या नाशिक, सांगली, सोलापूर, पुणे या पट्ट्यात तेवढी थंडी नाही, त्यामुळे वेल झोपतच नाही. तिचं घड्याळ कात्रीने लावावं लागतं, तेही वर्षातून दोनदा.

पहिली एप्रिलच्या सुमाराची खरड छाटणी. जुन्या काड्या एक-दोन डोळे ठेवून कापतात आणि नवीन काडी तयार होऊ देतात. त्यानंतर साधारण ४० ते ६० दिवसांत या नव्या काडीच्या डोळ्यात पुढच्या हंगामाचा घड सूक्ष्म रूपात तयार होतो. वरून काहीच दिसत नाही. त्याच दिवसांत नत्र जास्त झालं, पाला दाटला, ऊन मिळालं नाही, तर डोळ्यात घडाऐवजी बाळी, म्हणजे नुसता आधाराला वेटोळे घेणारा तंतू तयार होतो. मार्चमधलं उत्पन्न आदल्या जूनमध्येच निम्मं ठरलेलं असतं!

दुसरी ऑक्टोबरच्या आसपासची फळछाटणी. त्याआधी काही काड्या प्रयोगशाळेत देऊन डोळे तपासून घेतात. कितव्या डोळ्यात घड आहे हे सूक्ष्मदर्शकाखाली कळतं आणि काडी कुठे कापायची ते ठरतं. मग मोजणी सुरू. दहाव्या दिवसाच्या आसपास पोंगा फुटतो, चाळिशीच्या आगेमागे फुलोरा येतो, पन्नाशीत बारीक मणी दिसतात, पुढे मण्यात पाणी उतरतं आणि साधारण १२० ते १४० दिवसांत माल काढणीला येतो. जात आणि हवा यांप्रमाणे हे आकडे मागेपुढे होतात, पण मोजायला सुरुवात छाटणीपासूनच.

सल्ला देणारे पुष्कळ

सल्ल्याची टंचाई मात्र नाही. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र १९९७ पासून आहे. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागाईतदार संघ आहे, त्यांची चर्चासत्रं होतात. कृषी विद्यापीठं आहेत, कृषी विज्ञान केंद्रं आहेत. २००४ पासून किसान कॉल सेंटरवर फोन करून फुकट विचारता येतं. हवामान खात्याचं कृषी सल्ला पत्रक मंगळवारी आणि शुक्रवारी निघतं. शिवाय पैसे घेऊन बाग बघायला येणारे सल्लागार आहेत, आणि औषधाचा दुकानदार तर आहेच. त्याचा सल्ला फुकट असतो, पण सल्ल्याबरोबर बाटलीही येते, हे लक्षात ठेवलेलं बरं.

एवढं असूनही चूक होते. कशी, ते सांगतो.

माझी चूक

आमचे दोन प्लॉट. त्या वर्षी मोठ्याची छाटणी २० सप्टेंबरला झाली होती, धाकट्याची ८ ऑक्टोबरला. मी दिवाळीच्या सुटीत घरी. आजोबांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून नाना पुण्याला गेलेले. १० नोव्हेंबरच्या रात्री अवकाळी पाऊस झाला. सकाळी नानांचा फोन, "सल्ला काय आलाय, वाच."

मी वाचला. मणी सेट झालेल्या आणि नुकतीच फवारणी झालेल्या बागांनी घाबरू नये, लक्ष ठेवावं. आमच्या मोठ्या प्लॉटला दोनच दिवसांपूर्वी फवारणी झाली होती. मी म्हटलं, "नाना, बाग एक्कावन्न दिवसांची आहे. काही घाई नाही." नाना दवाखान्याच्या गडबडीत. त्यांनी "बरं" म्हणून फोन ठेवला.

त्याच सल्ल्यात खाली आणखी एक परिच्छेद होता. पोंगा ते फुलोरा या अवस्थेतल्या बागांनी पावसानंतर लगेच फवारणी करावी. धाकटा प्लॉट तेहतीस दिवसांचा होता, फुलोऱ्याच्या तोंडावर. माझ्या डोक्यात 'आपली बाग' म्हणजे मोठा प्लॉट. धाकट्याचे दिवस मी मोजलेच नाहीत.

पुढचे चार-पाच दिवस सगळं हिरवंगार. सहाव्या दिवशी पानांवर तेलाचे थेंब पडावेत तसे पिवळट डाग, आणि पान उलटून पाहिलं तर पांढरी बुरशी. डाऊनी, म्हणजे केवडा. दोन-तीन दिवसांत घडही तपकिरी होऊन वाळायला लागले. धाकट्या प्लॉटचे अर्ध्याहून जास्त घड गेले. ज्या पैशातून सोसायटीचा हप्ता जायचा होता, तो माझ्यासमोर वेलीवर वाळत होता.

नाना परत आले, बांधावर उभे राहिले. मला वाटलं आता बोलणी बसणार. ते एवढंच म्हणाले, "तारीख वाचलीस. दिवस नाही मोजले." आई मात्र दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही.

दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो

होस्टेलवर परत आल्यावर मी याबद्दल वाचलं. डाऊनीच्या बीजाणूंना पानावर पाणी लागतं. त्या पाण्यात ते पोहतात, पानाच्या सूक्ष्म छिद्रापाशी पोचतात आणि आत शिरतात. पान काही तास ओलं राहिलं आणि हवा थंडसर असली की काम झालं. डाग मात्र काही दिवसांनी दिसतात. म्हणजे कंट्रोल सिस्टिम्सच्या तासाला सर सांगतात तो डेड टाइम! आउटपुट बघून दुरुस्ती करायला गेलात तर प्रोसेस हातातून गेलेली असते. भुरीचं आणखी वेगळं. तिला पान ओलं लागत नाही, ढगाळ, थंड हवा पुरते. म्हणून पाऊस नाही म्हणजे धोका नाही, असंही नाही.

दिवस मोजण्याचं दुसरं कारण म्हणजे औषधांचे अंश. प्रत्येक औषधाची शेवटची फवारणी काढणीच्या किती दिवस आधी थांबवायची हे ठरलेलं असतं. सल्लाही कधी अपुरा पडतो. २०१० साली युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड हे वाढ रोखणारं रसायन मर्यादेपेक्षा जास्त सापडलं, माल अडकला आणि निर्यातदारांबरोबर बागायतदारही बुडाले. काडीची वाढ आवरायला ते वापरण्याची पद्धत होती. मार्चमधल्या गिऱ्हाइकाची मर्यादा आदल्या मे महिन्यातच पाहायला हवी, हा धडा महागात पडला.

आपण काय करू शकतो?

मित्रांनो, आपल्या होस्टेलमध्ये शेतकऱ्यांची मुलं कमी नाहीत. घरी डाळिंब असेल तर बहाराच्या पहिल्या पाण्यापासून दिवस मोजतात, केळी असेल तर लागवडीपासून. पीक वेगळं, हिशेब तोच. पुढच्या सुटीत एवढं करा:

१. प्रत्येक प्लॉटला वेगळी वही. पहिल्या पानावर छाटणीची तारीख, मोठ्या अक्षरात.

२. फवारणी, खत, पाणी, पाऊस त्याच दिवशी लिहायचं. तारखेशेजारी 'दिवस कितवा' हा रकाना हवाच.

३. सल्ला शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा आणि प्रत्येक प्लॉटला वेगळा लावून बघायचा.

४. फोनवर विचारताना आधी बागेचे दिवस सांगायचे, मग तक्रार. समोरचा माणूस कितीही हुशार असला तरी दिवस कळल्याशिवाय तो अंदाजच सांगणार.

फायनल इयरला पान ओलं आहे का हे ओळखणारा सेन्सर किंवा शेतकऱ्यांसाठी ॲप करणारे ग्रुप दरवर्षी असतात. त्यांना आणि त्यांच्या गाइड सरांना एकच विनंती. स्क्रीनवर पहिला प्रश्न गाव किंवा मोबाइल नंबर नको, छाटणीची तारीख हवी. दोन प्लॉट असतील तर दोन तारखा.

आमच्या घरी आता दोन वह्या आहेत. धाकट्या प्लॉटची वही मी ठेवतो, म्हणून रोज रात्री फोन. परवा माझ्या आधी आमच्या त्या मेकॅनिकलवाल्यानेच फोन उचलला आणि विचारलं, "नाना, धाकटी किती दिवसांची झाली?"