राजीनामा आणि हिशोब

चांदूर बाजार

चि. भाच्यास,


तुझ्या आईकडून सगळं कळलं. तीन महिन्यांचा पगार थकलेला, त्यात उद्यापासून येऊ नकोस असा निरोप, आणि वर ही अट की आधी राजीनाम्यावर सही कर, मग हिशोब करू. हातात पैसा नाही म्हणून तू सही करायच्या विचारात आहेस, असं ताई म्हणाली. ती सही करू नकोस. का करू नकोस ते सविस्तर लिहितो, कारण नुसत्या 'नको'नं तुझं समाधान होणार नाही, आणि व्हायलाही नको.

थकलेला पगार आणि गेलेली नोकरी या दोन वेगळ्या बाबी आहेत. मालक त्यांची गाठ मारतो, कारण त्या गाठीत त्याचा फायदा आहे. कायद्यानं त्या केव्हाच सोडवून ठेवल्या आहेत. केलेल्या कामाचा पगार ही मेहेरबानी नाही, ते देणं आहे, आणि ते वेळेवर मिळावं यासाठी या देशात शंभर वर्षांहून जास्त काळ भांडण चालू आहे. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. त्यात रविवारची सुट्टी होती, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती होती आणि मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा ही मागणीही होती. कामगाराचा पगार अडकवून ठेवला की तो कुठं जाऊ शकत नाही, बोलू शकत नाही, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं. पगार वेळेवर देण्याचा कायदा झाला तो १९३६ साली, म्हणजे त्यानंतर बावन्न वर्षांनी. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी २०१९ ची वेतन संहिता लागू झाली आहे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यायचा, हे तिच्यात आहेच. पण तुझ्या कामाची ओळ पुढं आहे: कामगाराला काढलं, कपातीत घालवलं किंवा त्यानं स्वतः राजीनामा दिला, तरी त्याचा सगळा पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा. राजीनामा दिलास तरी दोन दिवस, काढलं तरी दोनच दिवस. मग राजीनाम्याची अट आली कुठून? पगार देण्यासाठी त्या कागदाची गरज मालकाला मुळीच नाही. त्याला तो हवा आहे तो दुसऱ्याच कारणासाठी.

ते कारण असं. तुझी त्या कारखान्यात चार वर्षं सलग नोकरी झाली. बारा महिन्यांत २४० दिवस भरले की कायदा ते सलग वर्ष धरतो, आणि अशा कामगाराला त्याचा दोष नसताना कमी करायचं तर एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय दर पूर्ण वर्षामागं पंधरा दिवसांचा पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. हे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होतं, आता औद्योगिक संबंध संहितेतही आहे. चार वर्षांचे साठ दिवस आणि नोटिशीचा महिना, म्हणजे अंदाजे तीन महिन्यांचा पगार. स्वखुशीनं सोडून गेलेल्याला यातलं काही मिळत नाही, आणि मला बेकायदा काढलं असं म्हणायलाही त्याला जागा उरत नाही. थकलेले तीन महिने मिळावेत म्हणून तू जवळजवळ तेवढीच दुसरी रक्कम एका सहीत सोडून देतो आहेस, आणि ज्यासाठी सोडतो आहेस ती रक्कम तशीही तुझीच आहे. तुझ्यावर काही ठपका ठेवला असता तर आरोपपत्र, चौकशी, बाजू मांडायची संधी हे सगळं आलं असतं. तसं काही झालेलं नाही. जिनिंगमध्ये हंगामापुरते लागलेल्या माणसांची गोष्ट थोडी वेगळी. हंगाम संपल्यावर काम थांबणं याला न्यायालयं कपात धरत नाहीत. तू बारमाही होतास.

तुझ्या नावापुढं 'सुपरवायझर' लिहिलं होतं, त्यावरही कदाचित बोलतील. देखरेखीचं काम करणारा आणि महिना १८,००० रुपयांहून जास्त पगार घेणारा माणूस या भरपाईच्या तरतुदीत कामगार धरला जात नाही, हे खरं. पण न्यायालय पाटी पाहत नाही, काम पाहतं. तू दिवसभर मशीनवर उभा राहत असशील तर नाव काहीही असो. आणि थकलेल्या पगाराला तर हा मुद्दाच लागू नाही: जुना कायदा २४,००० पर्यंतच्या पगारापुरता होता, वेतन संहितेला तशी मर्यादा नाही.

आता तुझ्या मनातल्या शंका. पहिली ही की नेमणुकीचं पत्रच दिलेलं नाही, सिद्ध काय करणार. पगार दिला हे सिद्ध करण्याची जबाबदारी वेतन संहितेनं मालकावर टाकली आहे. तुला दाखवायचं ते एवढंच की तू तिथं कामाला होतास. पीएफचं पासबुक काढ. कोणत्या महिन्यात कोणी किती भरले ते त्यात दिसतं, आणि भरणं ज्या महिन्यात थांबलं तेही दिसतं. ईएसआयचं कार्ड, बँकेतल्या जुन्या पगाराच्या नोंदी, गेटपास, शिफ्ट कळवणारे व्हॉट्सअॅपवरचे निरोप, सगळं गोळा कर. फोन मात्र बदलू नकोस, विकू नकोस. असे निरोप न्यायालयात दाखवताना २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणं प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि मूळ फोन हातात असला की ते सोपं जातं. संत्र्याचा बहार व्यापाऱ्याला देताना आपल्याकडं कोणी इसारपावतीशिवाय त्याला बागेत पाऊल टाकू देत नाही. चार वर्षांच्या कष्टाला निदान तेवढी तरी काळजी हवी.

दुसरी शंका जास्त खरी आहे: कोर्टात वर्षं जातात. जातात. औरंगाबादच्या एका खासगी प्राथमिक शाळेतल्या शिक्षिकेला २००७ साली काढलं, न्यायाधिकरणानं दोन वर्षांत तिच्या बाजूनं निकाल दिला, उच्च न्यायालयानं तिचा मागचा पगार काढून घेतला, आणि सर्वोच्च न्यायालयानं तो परत दिला तेव्हा २०१३ उजाडलं होतं. शाळांचा कायदा वेगळा आहे, पण त्या निकालातलं तत्त्व तुझ्याही कामाचं आहे. बेकायदा काढलेल्या माणसाला मागचा पगार मिळणं हाच सर्वसाधारण नियम. मधल्या काळात आपल्याला दुसरं काम नव्हतं हे कामगारानं शपथेवर सांगितलं की ते खोटं पाडण्याची जबाबदारी मालकाची. आणि खटला लांबला याचा तोटा अन्याय झालेल्याच्या माथी मारायचा नाही, असंही न्यायालयानं बजावलं. म्हणून कुठं काम मागितलं, कुठं नकार मिळाला, हे तारखेसह वहीत लिहीत जा. शिवाय सगळंच कोर्टात जात नाही. थकलेल्या पगाराचा दावा कामगार खात्याच्या अधिकाऱ्यापुढं चालतो, तीन महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा असं संहिता म्हणते, रकमेच्या दहा पटीपर्यंत भरपाई देता येते, आणि तरीही भरले नाहीत तर जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. महसुलाची वसुली काय असते हे आपल्या भागात सांगायला नको.

मालकाकडं खरंच पैसा नसेल तर? असं होतं. मोठ्या आस्थापनेतही होतं. शेजारच्या अचलपूरची फिनले मिल राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची, म्हणजे केंद्र सरकारचीच. मार्च २०२० च्या टाळेबंदीत तिची चाकं थांबली आणि पगारासाठी कामगारांना रस्त्यावर यावं लागलं. मालकाची अडचण मलाही दिसते. पण अडचणीतला मालक सुताच्या व्यापाऱ्याला, बँकेला, वीज कंपनीला लेखी मुदत मागतो. कामगाराकडूनच तेवढी सही का मागायची? हप्ते करून द्या, पण ते कागदावर द्या, असं तू म्हणू शकतोस. त्यात कुणाचा अपमान नाही. कंपनी दिवाळखोरीत निघालीच तर मागच्या चोवीस महिन्यांची कामगारांची देणी तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीनं धरली जातात, हे २०१६ च्या कायद्यातलं कलम लक्षात असू दे.

नव्या संहितांनी सगळं चांगलंच केलं असं मी म्हणणार नाही. कपातीआधी सरकारची परवानगी घेण्याची अट पूर्वी शंभर कामगारांच्या कारखान्याला होती, ती आता तीनशेंवर नेली. आपल्या भागातले बहुतेक कारखाने त्यातून सुटले. हे मला मुळीच पटलेलं नाही. पगाराच्या दाव्याची मुदत बारा महिन्यांवरून तीन वर्षं केली, हे चांगलं. पण काढून टाकल्याच्या तक्रारीची मुदत तीन वर्षांवरून दोनवर आणली. म्हणून बसून राहू नकोस.

आधी एक अर्ज लिही: किती महिन्यांचा पगार बाकी, कोणत्या तारखेला कोणी येऊ नकोस म्हटलं, आणि मी कामावर यायला तयार आहे. हे शेवटचं वाक्य विसरू नकोस, नाहीतर पुढं तेच म्हणतील की हा स्वतःच गैरहजर राहिला. अर्ज स्पीड पोस्टानं पाठव, पोहोच जपून ठेव. त्यांनी काही रक्कम देऊ केली तर घे, नाही म्हणू नकोस. पण कागदावर 'सर्व हिशोब मिळाला, काही बाकी नाही' असं छापलेलं असतं, त्या ओळीवर काट मारून मिळालेला आकडा आणि 'उरलेल्या हक्कांना बाधा न येता' एवढं स्वतःच्या हातानं लिहूनच सही कर, आणि फोटो काढून घे. काट मारू देत नसतील तर सही न करता परत ये. मग अमरावतीला कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जा. वकिलाच्या फीची धास्ती नको: विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्यात औद्योगिक कामगाराला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि त्यासाठीचा अर्ज इथं तालुक्यालाही करता येतो.

राहिली ती बदनामीची भीती. एकदा खात्याची पायरी चढलास की एमआयडीसीत दुसरा कोणी ठेवणार नाही, असं तुला मित्र सांगतात म्हणे. ती भीती खोटी नाही, एकट्या माणसाला ती खातेच. पण पॅकिंगमधल्या बायांचाही पगार थकला आहे, असं ताई म्हणत होती. त्यांना तर रोख हातात मिळायचा, बँकेची नोंद नाही, त्यांचा पुरावा तुझ्याहून कच्चा. पगाराचा दावा कितीही कामगारांच्या वतीनं एकाच अर्जात करता येतो. तुझं पासबुक आणि त्यांच्या साक्षी एकत्र आल्या तर दोघांचंही बळ वाढेल, आणि एकाच माणसाकडं बोट दाखवणंही अवघड जाईल. सोमवारी अमरावतीला निघण्याआधी त्यांना भेट, नावं आणि बाकी रकमा लिहून घे, आणि यायला तयार असतील त्यांना सोबत ने.

तुझा,
मामा