चौथी आज्ञा कोणासाठी?



आईवडिलांचा मान राखण्याची आज्ञा (निर्गम २०:१२) आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात लहान मुलांकडून पाठ करून घेतो. पण ती कर्त्या माणसांनाही तितकीच लागू आहे. मार्क ७:९-१३ मध्ये प्रभू येशू ज्यांना दोष देतो, ती मोठी माणसेच आहेत. आईबापांना द्यायचे ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला वाहिलेले, असे सांगून हात झटकण्याची वाट तेव्हा होती. देवाचे नाव पुढे करूनही आईबापांना टाळता येत नाही, हा तेथील धडा.

आपल्या शहापूर-मुरबाडकडे हे टाळणे निराळ्या रूपात दिसते. आवणीच्या दिवसांत सून शेतात, मुलगा आसनगावहून पहाटेच्या लोकलने कामावर, आणि घर व नातवंडे आजीच्या भरवशावर. पण वाटणी होऊन सातबारावर मुलांची नावे चढली, की कधीकधी म्हाताऱ्यांचीही वाटणी होते: आई थोरल्याकडे, बाप धाकट्याकडे.

ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याने आईवडिलांना पोटगी मागता येते. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली जमीन, ती अट मोडल्यास, परतही मिळवता येते. परंतु कायदा भाकरी देईल. जवळ बसून विचारपूस करणे आपल्याच हाती आहे.

तिमथीचा विश्वास आजी लोईसपासून आला (२ तिमथी १:५). नातवंडे आजही पाहूनच शिकतात.

घरी विचार करा:
१. आपल्या घरी म्हातारी माणसे कोणाबरोबर जेवतात?
२. वाटणी करताना त्यांना कोठे राहायचे आहे, हे आपण त्यांनाच विचारले का?