मुंबई ते लंडन : अंतर एक, वेळ निराळी

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलच्या ‘मलबार प्रिन्सेस’ या विमानाने मुंबईहून लंडनकडे प्रस्थान ठेवले, तेव्हा वाटेत कैरो व जिनिव्हा येथे थांबे घ्यावे लागले होते. आज हा प्रवास न थांबता होतो. तरीही त्यास लागणाऱ्या वेळेविषयी अनेकांच्या मनात संभ्रम आढळतो.

प्रथम अंतराचा विचार करू. सपाट नकाशावर दोन शहरे जोडणारी सरळ रेषा हा सर्वांत जवळचा मार्ग नव्हे. पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरल्यास तो उत्तरेकडे झुकतो आणि त्याचा मध्य कास्पियन समुद्राच्या पश्चिमेस, कॉकेशसच्या प्रदेशात येतो. यास बृहद्‌वृत्ताचा मार्ग म्हणतात. त्याची लांबी सुमारे ७,२०० किलोमीटर भरते.

ताशी ९०० किलोमीटर वेगाने हे अंतर ८ तासांत तुटावयास हवे. परंतु उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. हा वारा सरासरी ताशी ६० किलोमीटर धरल्यास लंडनला जाताना सुमारे ८ तास ३४ मिनिटे, तर परत येताना साडेसात तास लागतील. पृथ्वी फिरते म्हणून हा फरक पडतो, ही समजूत बरोबर नाही; कारण वातावरणही पृथ्वीबरोबरच फिरत असते. धावपट्टीपर्यंतची वाटचाल, चढण, उतरण आणि उतरण्यापूर्वीची प्रतीक्षा यांचा वेळ निराळाच.

हवाई हद्दींचाही प्रश्न असतो. २०१९ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानची हवाई हद्द बंद राहिली, तेव्हा भारतातून पश्चिमेकडे जाणाऱ्या अनेक विमानांना मोठा वळसा घ्यावा लागला. अशा प्रसंगी वेळेबरोबर इंधनाचा खर्चही वाढतो.

तिकिटावरील वेळा वाचताना विशेष दक्षता हवी. त्या त्या ठिकाणच्या स्थानिक वेळा तेथे छापलेल्या असतात. भारतीय वेळ हिवाळ्यात लंडनच्या साडेपाच तास, तर तेथील उन्हाळी वेळ लागू असताना साडेचार तास पुढे असते. समजा, हिवाळ्यात विमान मुंबईहून दुपारी २ वाजता सुटून लंडनला सायंकाळी साडेसहा वाजता पोहोचले. हा प्रवास साडेचार तासांचा नसून १० तासांचा होय. उलट, लंडनहून रात्री ९ वाजता निघून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकरा वाजता मुंबईस उतरणारा प्रवासी साडेचौदा नव्हे, तर ९ तासच विमानात असतो.

परदेशी शिक्षणासाठी प्रथमच निघालेल्या विद्यार्थ्यास किंवा मुलांकडे जाणाऱ्या वृद्ध मातापित्यांस हा हिशेब ठाऊक असणे अगत्याचे आहे. पुढील विमानाची वेळ, सोबतच्या डब्याची सोय आणि ठरावीक तासांनी घ्यावयाची औषधे यांचे नियोजन घड्याळाच्या काट्यांवरून नव्हे, तर प्रत्यक्ष लोटलेल्या तासांवरूनच करावयाचे असते.