टँकर थांबतो, पाणी थांबत नाही

प्रश्न : ट्रक सोडून पाण्याच्या टँकरवर आलोय. ब्रेक मारला की गाडी थांबते आणि पुन्हा पुढे ढकलली जाते. ब्रेकमध्ये बिघाड आहे का?

उत्तर : तो धक्का बहुधा पाण्याचा. १०,००० लिटर म्हणजे १० टन, तेही न बांधलेले! टाकी अर्धी असली की हेलकावा सर्वांत वाईट. ब्रेक लांबूनच हळूहळू दाबा, थांबल्यावर पाय लगेच उचलू नका. वळणाआधीच गिअर उतरवा. घाटात डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे महाभाग भेटतील. त्यांचं ऐकू नका. क्लचवर उगाच पाय ठेवलात तर प्लेट जळेल. रोज संध्याकाळी ब्रेकच्या हवेच्या टाकीचा कॉक उघडून साचलेलं पाणी सोडा. हवेसोबत तेल आलं, तर कॉम्प्रेसर मेकॅनिकला दाखवा.