औषध लागू पडतं, हे ठरवतं कोण?

मे-जून आला की दुबई, शारजा, अबू धाबीहून तेच प्रश्न येतात. ‘नीटला साडेचारशेच्या आसपास होतील, एनआरआय कोट्यातून बसवता येईल का?’ ‘जॉर्जियाला पाठवलं तर?’ ‘एक वर्ष ड्रॉप घेऊन कोट्याला ठेवू का?’ म्हणजे कोट्यातून प्रवेश, नाहीतर कोट्याला रवानगी. आणि हे सगळं हुकलं की शेवटचा प्रश्न: ‘क्लिनिकल रिसर्चचा सहा महिन्यांचा डिप्लोमा आहे, शंभर टक्के प्लेसमेंट म्हणतात. करू का?’

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं झटपट देतो. 2024 साली नीटसाठी 24 लाखांवर मुलांनी नावं नोंदवली आणि देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा एक लाखाच्या थोड्या वर होत्या. परदेशातून एमबीबीएस करून आलेल्यांना भारतात एफएमजीई द्यावी लागते आणि तिथे नापासांची संख्या उत्तीर्णांपेक्षा सातत्याने जास्त राहिली आहे. अमिरातीत परत यायचं तर परवान्याची वेगळी परीक्षा. मुलाला मनापासून डॉक्टर व्हायचं असेल तर हे सगळं करावं, जरूर करावं. पण आईबाबांना ‘आमचा डॉक्टर’ म्हणायचं आहे म्हणून करू नये.

चौथ्या प्रश्नाला मात्र जास्त जागा देणार आहे. त्यात एक चांगलं क्षेत्र एका वाईट दरवाजातून विकलं जातंय. ते क्षेत्र म्हणजे काय, हे एका चाचणीतून बघू.

जुलै 2020मध्ये अबू धाबीत ‘फोर ह्युमॅनिटी’ नावाची चाचणी सुरू झाली. चीनच्या सिनोफार्मच्या कोविड लसीचा हा तिसरा टप्पा. जी42 हेल्थकेअर आणि अबू धाबीचा आरोग्य विभाग यांनी तो उभा केला. पहिली सुई विभागाचे तेव्हाचे अध्यक्ष शेख अब्दुल्ला बिन मोहम्मद अल हमेद यांनी टोचून घेतली. अमिरातीत 125 देशांचे 31,000हून अधिक लोक त्यात उतरले. तुमच्यापैकी काहींनीही अबू धाबीत बाही वर केली असेल. त्या रांगेत उभं राहताना आपण नेमकं कशात भाग घेतोय, हे किती जणांना माहीत होतं?

डॉ. नवाल अल काबी या चाचणीच्या प्रमुख संशोधक. मे 2021मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या शोधनिबंधात अमिरात आणि बहरीन मिळून 40,382 जणांचा हिशेब आहे. तीन गट पाडले होते. दोन गटांना वेगवेगळ्या विषाणू-वाणांपासून केलेल्या दोन लशी दिल्या, तिसऱ्याला फक्त अ‍ॅलम. अ‍ॅलम म्हणजे लशीत असतो तो पूरक क्षार, विषाणू मात्र नाही. कोण कुठल्या गटात जाणार हे डॉक्टरने ठरवायचं नाही, स्वयंसेवकाने नाही, ओळखीपाळखीनेही नाही. सोडतीने. आणि कोणाला काय मिळालं हे टोचणाऱ्यालाही ठाऊक नसतं, टोचून घेणाऱ्यालाही नसतं.

एवढा खटाटोप का? कारण सोडत नसली की धडधाकट तरुण लशीच्या गटात जातात, वयस्कर उरतात, आणि मग फरक लशीचा की वयाचा, हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. 1947 साली ब्रिटनमध्ये क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी झाली तेव्हा ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी गट बंद पाकिटांतून ठरवले. औषध मुळातच सगळ्यांना पुरणारं नव्हतं, त्यामुळे सोडत हाच न्याय्य मार्गही होता. हे हिल डॉक्टर नव्हते. संख्याशास्त्रज्ञ होते.

आता अबू धाबीचे आकडे बघा. प्रत्येक गटात साधारण साडेतेरा हजार माणसं. दुसऱ्या डोसनंतर चौदा दिवस उलटल्यावर लक्षणांसह कोविड झाला तो एका लशीच्या गटात 26 जणांना, दुसऱ्या लशीच्या गटात 21 जणांना आणि अ‍ॅलमच्या गटात 95 जणांना. त्यावरून परिणामकारकता निघाली 72.8 आणि 78.1 टक्के. त्याआधी, डिसेंबर 2020मध्ये, लशीला नोंदणी देताना 86 टक्क्यांची घोषणा झाली होती. पण ते 86 कुठून आले हे तपासायला लागणारा तपशील घोषणेसोबत नव्हता. मध्यम आणि गंभीर आजार शंभर टक्के टळतो, असंही तेव्हा जाहीर झालं होतं. निबंधात बघितलं तर संपूर्ण चाचणीत गंभीर आजारी पडलेले फक्त दोन, दोघंही अ‍ॅलमच्या गटातले. दोन माणसांवरून शंभर टक्के? गणित शिकलेला मुलगा इथे थांबतो. पाठांतर केलेला पुढे जातो.

अजून एक. भाग घेणाऱ्यांचं सरासरी वय 36 आणि त्यांतले 84 टक्के पुरुष. अमिरातीतल्या कामकरी लोकसंख्येचा चेहराच तो. पण मग साताऱ्याहून नातवंडांसाठी अल नाहदाला येऊन राहिलेल्या पासष्टीच्या आजींना ही लस किती उपयोगी? या चाचणीतून याचं ठाम उत्तर मिळत नाही, आणि ते निबंधातच मान्य केलेलं आहे. कोणाला घ्यायचं, किती जणांना घ्यायचं, किती दिवस पाहायचं, कशाला ‘झालं’ म्हणायचं, हे पहिली सुई टोचण्याआधी लिहून ठेवावं लागतं. चाचणी तिथेच जिंकली किंवा हरली जाते. ते लिहिणाऱ्यांत एक बायोस्टॅटिस्टिशियन असतो. पालकसभेत मी हा शब्द उच्चारला की पहिला प्रश्न येतो, ‘म्हणजे लॅब टेक्निशियन का?’

नाही, वैद्यकीय संशोधनाचा संख्याशास्त्रज्ञ. आणि हा हिशेब कोरडाही नाही, कारण प्रत्येक आकड्याखाली कुणाची तरी सही आहे. छावणीत राहणाऱ्या बांधकाम मजुराला त्याच्या फोरमनने गाडीत घालून आणलं, तर त्याने केलेली सही म्हणजे संमती का? तीस पानांचं संमतीपत्र इंग्रजीत आणि अरबीत, आणि माणूस बंगाली, मल्याळम नाहीतर उर्दू बोलणारा. मग समजावणार कोण? लस मंजूर झाली, बाहेर लोक ती घेऊ लागले, तर अ‍ॅलमवाल्याला किती दिवस अंधारात ठेवायचं? लवकर सांगितलं तर दीर्घकाळाची माहिती हातची जाते, उशिरा सांगितलं तर माणूस धोक्यात राहतो. अबू धाबीत चाचणी चालू असतानाच सप्टेंबर 2020मध्ये आघाडीच्या आरोग्य कर्मचाऱ्यांना ही लस द्यायला तातडीची परवानगी मिळाली होती, म्हणजे हा प्रश्न पुस्तकी नव्हता.

मुंबईतही असा पेच पडलाय. टाटा मेमोरियलने वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी आजमावली. व्हिनेगर लावून डोळ्यांनी बघायचं, इतकी स्वस्त पद्धत. मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले. काम मोठंच. पण तुलनेच्या गटातल्या स्त्रियांना फक्त आरोग्यशिक्षण मिळालं, तपासणी नाही, आणि त्यावर जगभर टीका झाली. बचाव असा की तेव्हा देशात नियमित तपासणी कुठे होतीच? माझं मत विचाराल तर हा बचाव अर्धाच पटतो. तुमच्या मुलीला दोन्ही बाजू ऐकून रात्री झोप लागली नाही, तर ती या क्षेत्राची आहे असं समजा.

याच टाटा मेमोरियलची दुसरी चाचणी मला फार आवडते. डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रश्न विचारला: स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया करण्याआधी सात ते दहा मिनिटं गाठीभोवती लिडोकेन टोचलं तर? लिडोकेन म्हणजे दात काढताना बधिर करायला देतात ते, अगदी स्वस्त. भारतातली 11 केंद्रं, जवळपास 1,600 स्त्रिया, सोडतीने दोन गट. 2023 साली निकाल छापून आला. पाच वर्षांनंतर आजार न उलटता जगणाऱ्यांचं प्रमाण इंजेक्शन मिळालेल्यांत 86.6 टक्के, न मिळालेल्यांत 82.6. शंभरामागे चार. चार टक्क्यांचा फरक दाखवायचा तर इतक्या स्त्रिया लागतात आणि 2011च्या अखेरीपासून दशकभर चिकाटी लागते. लिडोकेनवर पेटंट नाही, म्हणून कुठली कंपनी यात पैसे घालणार नव्हती. हा प्रश्न विचारणारं कुणीतरी सार्वजनिक रुग्णालयातच असावं लागलं.

मग त्या डिप्लोमाचं काय? घेऊ नका. ‘गुड क्लिनिकल प्रॅक्टिस’चं प्राथमिक प्रमाणपत्र इंटरनेटवर मोफत मिळतं, त्यासाठी हजारो दिऱ्हम मोजायचं कारण नाही. डिप्लोमा हा पदवीच्या वर ठेवायचा असतो, पदवीच्या जागी नाही. फार्मसी, नर्सिंग, बीडीएस, बीएएमएस, लाइफ सायन्सेस यांतून मुलं चाचणीचे कोऑर्डिनेटर, मॉनिटर, औषधसुरक्षा तपासणारे होतात. ठीक वाट आहे, माहितीही सगळीकडे मिळते. प्रमुख संशोधक व्हायला मात्र बहुतेक वेळा डॉक्टर असावं लागतं.

मला आग्रह करायचा आहे तो संख्याशास्त्राचा. पुण्यात किंवा मुंबईत संख्याशास्त्रात बीएस्सी, मग बायोस्टॅटिस्टिक्समध्ये एमएस्सी. देवनारची आयआयपीएस आहे, वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आहे, आणि ज्याला झेपेल त्याला कोलकात्याची इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट. ही वाट आपल्याला परकीही नाही. कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार यांनी 1953 साली पुणे विद्यापीठात संख्याशास्त्र विभाग उभा केला. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पां. वा. सुखात्मे रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेचा संख्याशास्त्र विभाग सांभाळत होते. घरात कुणी डॉक्टर नसलं की लाज वाटणाऱ्या समाजाला ही नावं आठवत नाहीत, याला काय करणार.

अमिरातीत वाढलेल्या मुलांकडे आणखी एक भांडवल आहे, जे पालकांना दिसत नाही. घरी मराठी, बसमध्ये हिंदी आणि मल्याळम, शाळेत इंग्रजी, शिवाय आठवी-नववीपर्यंतची सक्तीची अरबी. ‘मोडकीतोडकी येते हो,’ असं आई म्हणते. सव्वाशे देशांच्या लोकांना संमतीपत्र समजावून सांगायचं असतं तेव्हा मोडकीतोडकी अरबीही उपयोगी पडते.

आता जरा कडू. भारतात आयसीएमआरची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की बारा वर्षांपुढच्या मुलाला संशोधनात घ्यायचं असेल तर पालकांची सही पुरत नाही. मुलाची स्वतःची लेखी तयारी लागते. तो नको म्हणाला तर त्याचं ऐकायचं. चमचाभर रक्तासाठी एवढं. आणि सतरा वर्षांच्या मुलाला त्याच्या आयुष्याची दहा वर्षं कुठे घालवायची, हे आपण शारजाच्या बैठकीत मामांना फोन लावून ठरवतो. मुलगा शेजारच्या खोलीत असतो. माझ्याशी बोलताना ‘आम्ही नीट देतोय’ असं म्हणणारे बाबा मी दरवर्षी ऐकतो. बाबा, तुम्ही देत नाही आहात.

दहावी झालेल्या मुलांच्या पालकांना तातडीचं एकच सांगणं. बायोलॉजी घेतलं की ‘ओझं नको’ म्हणून अकरावीला गणित काढून टाकायची पद्धत आपल्या भारतीय शाळांत पडली आहे. नीटला गणित लागत नाही, म्हणून शिकवणीवालेही तेच सुचवतात. गणिताशिवाय बारावी झाली की संख्याशास्त्राची बहुतेक दारं बंद होतात, आणि नीट हुकल्यावर ती उघडायला कुणी येत नाही. विषयाच्या फॉर्मवर बायोसोबत गणित ठेवा. भरून झाला असेल तर उद्या शाळेत जाऊन बदलून घ्या.