मोटारींतील कॅमेऱ्यास वीज कशी जोडावी

मोटारीच्या पुढील काचेशीं बसविलेला छोटा कॅमेरा रस्त्यावरील प्रसंगांची नोंद ठेवितो. मोटार उभी असतांनाही त्यानें जागें राहावें म्हणून त्याची तार फ्यूजपेटीस कायमची जोडितात. त्या जोडणीचें मर्म आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

तारा तीन असतात. पहिली अखंड वीज असलेल्या फ्यूजला, दुसरी किल्ली फिरविल्यावरच वीज येणाऱ्या फ्यूजला, व तिसरी मोटारीच्या लोखंडी सांगाड्याला जोडावी. मोटार चालू कीं बंद, हें कॅमेऱ्यास दुसऱ्या तारेवरून कळतें. मधली लहान पेटी बॅटरीच्या १२ व्होल्टांचे बहुधा ५ व्होल्ट करिते.

आतां हिशेब पाहूं. बॅटरींतून पाव अँपिअर प्रवाह सतत वाहिला, तर २४ तासांत ६ अँपिअर-तास खर्च होतात. ४० अँपिअर-तासांची बॅटरी आठवडा भरण्यापूर्वींच रिती होईल, आणि ऐन निकडीच्या वेळीं इंजिन सुरू होणार नाहीं. म्हणून बॅटरीचा दाब ठरलेल्या मर्यादेखालीं उतरतांच पुरवठा तोडणारी योजना त्या पेटींत असावी.

एअरबॅगच्या फ्यूजला कदापि हात लावूं नये. ती जेथें उघडते तेथून तारही नेऊं नये. नव्या तारेस स्वतंत्र फ्यूज हवाच. तार घासून उघडी पडली, तर तो वितळून आग टाळितो. ज्यास हें नीट उमगलें नसेल, त्यानें जाणत्या कारागिराकडूनच काम करवावें.